कुत्र्याला कॅन्सर असताना पीईएमएफ मशीन कसं वापरायचं

पीईएमएफ मशीननं, म्हणजे स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्र देणाऱ्या यंत्रानं, कुत्र्याची कॅन्सरची गाठ विरघळत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मशीन विकणारा ते शेवटपर्यंत सांगत नाही. स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्रानं कुत्र्यातली गाठ मेली किंवा कुत्रं जास्त दिवस जगलं, असं दाखवणारी भरवशाची चाचणी नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेल्या प्रयोगांत काही ठिकाणी पेशी मंदावल्या, काही ठिकाणी काहीच झालं नाही. बशीतल्या पेशी आणि ओसरीवर पडलेला आपला मोती, यांत फार अंतर आहे.

मशीन उपयोगी पडतं ते दुखण्यावर. म्हाताऱ्या कुत्र्याचे आखडलेले सांधे, ऑपरेशनच्या चिऱ्याची ठणक, एक पाय काढल्यावर उरलेल्या तीन पायांवर आणि पाठीवर आलेला ताण, एवढंच त्याचं वावर. त्याच्या धुऱ्याबाहेर ते नेलं की नुकसान होतं, आणि ते कसं होतं तेही पुढे येईलच.

आधी गाठीचं नाव काढा

मशीनवर पैसे घालण्याआधी गाठ कशाची आहे ते कळलंच पाहिजे. आपल्याकडच्या मोकाट आणि अर्धमोकाट कुत्र्यांत वारंवार दिसणारी गाठ म्हणजे जननेंद्रियावरची संसर्गजन्य गाठ. डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. नराच्या लिंगाच्या आवरणातून थेंब-थेंब रक्त गळतं. घरचे म्हणतात, उन्हाळी लागली, सब्जा पाजा. आवरण हळूच मागे सरकवलं की आत फुलकोबीच्या तुऱ्यासारखं लाल, भुसभुशीत मांस दिसतं, बोट लागलं तरी रक्त येतं. कुत्रीत हेच योनीच्या तोंडाशी होतं आणि रक्त पाहून सगळे समजतात की ती माजावर आली. माज दोन-तीन आठवड्यांत संपतो. हे रक्त महिनोन्‌महिने चालतं. कधी गाठ नाकात असते आणि एकाच नाकपुडीतून रक्त येतं, कारण कुत्री एकमेकांना हुंगतात, चाटतात आणि गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात.

या गाठीला औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं. व्हिनक्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. मात्रा साधारण किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला अर्धा मिलिग्रॅम. चार ते सहा आठवड्यांत बहुतेक कुत्री बरी होतात. हे काम डॉक्टरचंच आहे. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस कुजतं, आणि दर डोसाआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस कुत्र्याचं मूत-विष्ठा हातमोजे घालूनच उचलावं, लेकरांना आणि गरोदर बाईला त्यापासून दूर ठेवावं. जी गाठ सहा इंजेक्शनांत जाते, तिच्यावर महिनाभर मशीनची गादी लावत बसणं म्हणजे त्या महिन्यात गावातली आणखी चार कुत्री बाधित होऊ देणं.

दुसरी नेहमीची गाठ कुत्रीच्या स्तनांची. अशा गाठींतल्या साधारण निम्म्या घातक निघतात आणि हाताला लागून कोणती कोणत्या प्रकारची ते सांगता येत नाही. वाटाण्याएवढी असताना काढली तर काम सोपं असतं. लिंबाएवढी होऊन फुटली की छातीचा एक्स-रे काढून फुप्फुसात पसरली का ते आधी पाहावं लागतं.

तपासणीचा सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे बारीक सुई. २२ किंवा २४ गेजची सुई गाठीत घालून थोडा अर्क काचेच्या पट्टीवर पसरायचा, हवेत वाळवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. कुत्र्याला भूल लागत नाही. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतील तर ते हे करू शकतात. पट्टी वाचायला ती नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत न्यावी लागेल.

ऑपरेशन करून गाठ काढली तर ती उकिरड्यावर टाकू देऊ नका. रुंद तोंडाच्या बरणीत १० टक्के फॉर्मलिन घ्या, गाठीच्या दहापट. गाठ मोठी असेल तर डॉक्टरला तिच्यावर चिरे पाडायला सांगा, नाहीतर फॉर्मलिन आतपर्यंत पोचत नाही आणि गाभा सडतो. बरणी फ्रीजरमध्ये ठेवायची नाही, गोठलं की पेशी फुटतात. अरुंद तोंडाच्या बाटलीत गाठ आत जाते, पण ताठर झाल्यावर बाहेर येत नाही. पुष्कळ नमुने अशा साध्या चुकीनं वाया जातात.

मशीनच्या आत काय चालतं

तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्यातून थांबून-थांबून सोडलेली वीज, बस एवढंच. वेटोळ्यातली वीज बदलली की भोवतालचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या मांसात अगदी क्षीण विद्युतप्रवाह उमटतो. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तेच तत्त्व, ज्यावर वावरातली मोटर चालते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९७९ मध्ये माणसाच्या न जुळणाऱ्या हाडासाठी या पद्धतीला मान्यता दिली. कुत्र्यांत मणक्याची गादी सरकून ऑपरेशन झालेल्यांवर छोट्या चाचण्या झाल्या, त्यांत चिऱ्याचं दुखणं कमी आढळलं. सांधेदुखीवरही थोडेफार चांगले निष्कर्ष आहेत.

बाजारात दोन जातींची मशीनं मिळतात. एक कमी वारंवारितेची, १ ते १०० हर्ट्झवाली. ती बहुधा गादीच्या किंवा पट्ट्याच्या रूपात येते. दुसरी २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचे तुटक झटके देणारी, हलकी, बांगडीसारखी रिंग. या दोघींचे वेळ आणि आकडे एकमेकींना लावायचे नसतात. पट्ट्यात शिवलेले नुसते चुंबक हा तिसराच प्रकार; त्यात स्पंदन नाही, ते पीईएमएफ नव्हे, मग त्यावर काहीही छापलेलं असो.

आणखी एक गल्लत दुकानदार हमखास करतो. माणसाच्या मेंदूतल्या गाठीवर विद्युतक्षेत्राचा एक उपचार आहे, त्याला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तो २०० किलोहर्ट्झच्या विद्युतक्षेत्राचा आहे, डोक्याला चिकटवलेल्या पट्ट्यांतून दिला जातो, आणि पीईएमएफच्या गादीशी त्याचा संबंध नाही. 'कॅन्सरवर मान्यताप्राप्त तंत्र' असं कुणी म्हटलं की कोणतं यंत्र, कोणत्या रोगासाठी, माणसात की कुत्र्यात, हे तीन प्रश्न विचारा.

कुठे लावायचं नाही

गाठीवर लावायचं नाही. कारण साधं आहे: जखम भरायला हे क्षेत्र मदत करतं ते रक्तपुरवठा वाढवून, नव्या केशवाहिन्या फुटायला चालना देऊन. गाठीलाही वाढायला नेमकं तेच लागतं. गाठ यानं वाढतेच असं सिद्ध नाही, पण वाढत नाही असंही सिद्ध नाही, आणि मिळायचं काहीच नसताना हा जुगार कशाला? बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकेत कॅन्सर हा वर्ज्यांच्या यादीत असतो, बारीक टायपात. गाठीपासून वेटोळ्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर सोडा. २० सेंटिमीटरचं वेटोळं असेल तर ४० सेंटिमीटर. लहान कुत्र्यात एवढी जागाच उरत नसेल तर मशीन त्याच्यासाठी नाही.

पोटातल्या गाठीत तर मशीन नकोच. प्लीहेची रक्तस्रावी गाठ एका क्षणी फुटते; कुत्रं अचानक बसतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोट फुगतं. अशा वेळी गादी काढून ठेवा आणि गाडी काढा. मेंदूत गाठ असलेल्या, झटके येणाऱ्या कुत्र्यालाही नको. गाभण कुत्रीला नको. त्वचेवरची मास्ट पेशींची गाठ तर दाबायचीही नाही, चोळायचीही नाही. तिच्यातून हिस्टामिन (सूज आणणारं रसायन) सुटतं आणि तासाभरात भोवताल सुजून लाल होतो. घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्या माणसानं मशीनजवळ बसू नये, कुत्र्याला धरू नये. कुत्र्याला सहसा पेसमेकर नसतो म्हणून हा मुद्दा लोक विसरतात.

फुटलेल्या गाठीवर पावसाळ्यात माशा बसतात आणि दोन दिवसांत किडे पडतात. तिथे मशीनचा काही उपयोग नाही. पेट्रोल, फिनाईल, डांबरगोळीची पूड, यांतलं काहीही जखमेत घालू नका. कुत्रं चाटतं आणि विषबाधा होते. किडे चिमट्यानं काढून, मीठ-पाण्यानं (एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात दोन सपाट छोटे चमचे मीठ) धुऊन, स्वच्छ सुती कापडानं झाकून दवाखान्यात नेणं, एवढंच घरी करायचं.

आता हाडाचा कॅन्सर. इथली चूक सगळ्यांत महाग पडते. मोठ्या कुत्र्यांत हाडाची गाठ बहुधा मनगटाजवळ, खांद्याजवळ किंवा मागच्या गुडघ्याच्या वर-खाली होते. सुरुवातीला नुसतं लंगडणं असतं. घरचे म्हणतात, रानडुकराच्या मागे धावला, मुरगळला. मशीन लावलं, सोबत वेदनाशामक दिलं, दुखणं थोडं दबलं, कुत्रं पुन्हा जागलीला वावरात धावलं आणि आतून पोखरलेलं हाड चटकन मोडलं. दुखणं हा त्या पायाचा राखणदार होता, त्याला झोपवलं आणि चोरी झाली. म्हणून २५ किलोच्या वरचं कुत्रं दोन आठवड्यांहून जास्त लंगडत असेल तर आधी एक्स-रे, मग बाकी सगळं.

मशीन घेताना आणि आल्यावर तपासताना

डबीवर वारंवारिता हर्ट्झमध्ये आणि क्षेत्राची तीव्रता गॉस किंवा मिलिटेस्लामध्ये लिहिलेली असावी. १ मिलिटेस्ला म्हणजे १० गॉस. आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आतबाहेर असतं, त्यावरून अंदाज बांधा. नुसतं 'हाय पॉवर' लिहिलं असेल तर ते मशीन घेऊ नका. तीव्रता वेटोळ्याच्या पृष्ठभागावर मोजलेली असते, कुत्र्याच्या सांध्यात नव्हे, आणि अंतराबरोबर ती झपाट्यानं घसरते. २० सेंटिमीटर व्यासाच्या वेटोळ्याचं गणित असं: मधोमध १०० धरलं तर ५ सेंटिमीटरवर सुमारे ७२ उरतात, १० वर ३५, आणि २० सेंटिमीटरवर फक्त ९. म्हणजे गादीवर एक घडीची सुती गोधडी टाकली तर काही बिघडत नाही, पण कापसाच्या जाड गादीखाली मशीन सरकवलं की निम्म्याहून जास्त वाया गेलं. बाजेवर कुत्रं आणि खाली जमिनीवर मशीन, हा तर नुसता देखावा.

कमी वारंवारितेचं मशीन चालतंय का ते बघायला एक लहान चुंबक पुरतो. बिघडलेल्या इअरफोनमधला काढा, दोऱ्याला बांधा आणि चालू गादीवर लोंबकळत धरा. १० हर्ट्झवर तो थरथरताना बोटांना कळतं. आता तो चुंबक गादीभर फिरवा. गादीत तीन-चार वेगळी वेटोळी असतात. काही ठिकाणी चुंबक जोरात थरथरतो, मधल्या पट्ट्यांत अगदी गप्प. जिथे जोर आहे तिथे खडूनं गोल काढा. कुत्र्याचा दुखरा खुबा त्या गोलावर आला पाहिजे, मधल्या मुक्या जागेवर नाही. मोबाईलचं कंपास ॲप या कामी फसवतं, ते झटक्यांची सरासरी दाखवतं. रेडिओ लहरींच्या रिंगवर चुंबक थरथरतच नाही. तिच्यासोबत आलेला दिवा किंवा चाचणीची चकती वापरा.

गावातला मोटर वाइंडिंगवाला 'मी बांधून देतो, पाच मिनिटांचं काम' म्हणेल. त्याला मोटरच बांधू द्या. २३० व्होल्ट सरळ वेटोळ्यात गेले तर वेटोळं तापतं, इन्सुलेशन वितळतं आणि ओल्या अंगाच्या कुत्र्याला धक्का बसतो. वावराच्या कुंपणाच्या झटका मशीनला वेटोळं जोडण्याची कल्पनाही सुचते लोकांना. झटका मशीन हजारो व्होल्ट देतं, डुकराला पळवून लावायला. त्याचा उपचाराशी संबंध नाही.

वीज: लाईन नाही, बॅटरी

शेणानं सारवलेली ओली जमीन, कुत्र्याचा ओला पंजा आणि भिंतीतून आलेली तार हे एकत्र येऊ देऊ नका. शिवाय लाईन गेली आणि परत आली की येणारा पहिला झटका ॲडॉप्टर जाळतो. मशीन १२ व्होल्ट डीसीवर चालणारं असेल तर फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी उत्तम. मशीनवर १२ वॅट लिहिलं असेल तर ते १ अँपिअर ओढतं. दिवसातून दोनदा २० मिनिटं म्हणजे ४० मिनिटं, म्हणजे सुमारे ०.६७ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून ४ अँपिअर-तास वापरायला मिळतात. सहा दिवस पुरतात.

जोडणी करताना बॅटरीच्या लाल टोकाजवळच २ अँपिअरचा फ्यूज घाला. जॅकची आतली पिन अधिक आहे की बाहेरची, ते मशीनवरच्या चिन्हावरून पाहा आणि मल्टिमीटरनं खात्री करा. उलटी जोडणी एका क्षणात मशीन मारते. सोलर पॅनेलवरून थेट चालवू नका. '१२ व्होल्ट'चं पॅनेल भर दुपारी मोकळं असताना १८ ते २१ व्होल्ट देतं. बॅटरी विसावलेली असताना १२.२ व्होल्ट दाखवत असेल तर ती निम्मी उतरली, चार्ज करा. कमी व्होल्टेजवर दिवा लागतो, आवाज येतो, पण क्षेत्र मंद पडतं, आणि तुम्ही आठवडाभर रिकामी गादी वापरत राहता.

पंपातून बॅटरी काढली तर ती आणि तिची पेटी साबणानं पुसून घ्या, मग हात धुवा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाटीवर मारलेलं तेच औषध पेटीच्या फटीत वाळून बसलेलं असतं आणि कुत्रं दिसेल ते चाटतं.

सत्र कसं द्यायचं

वेळ सकाळी सात-आठच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखाली त्याहून वर. तापलेल्या कुत्र्याला गादीवर पकडून बसवलं तर धाप मशीननं लागली की उन्हानं, हे कळणारच नाही. फरशीवर किंवा लाकडी पाटावर गादी घाला. लोखंडी पलंग, पिंजरा नको, लोखंड क्षेत्र ओढून घेतं. गळ्यातला साखळीचा पट्टा, बिबट्यासाठी घातलेला खिळ्यांचा पट्टा, घंटी, सगळं काढा. लोखंड थरथरतं, वाजतं आणि कुत्रं पहिल्याच दिवशी गादीला भितं.

पहिले दोन दिवस मशीन बंद ठेवूनच गादीवर बसवा, भाकरीचा तुकडा तिथेच द्या. तिसऱ्या दिवशी चालू करा, सगळ्यात कमी पातळीवर, पाच मिनिटं. कमी वारंवारितेच्या मशीनवर सांध्यांसाठी सहसा १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढ्यावर पोचायचं आहे; आठवडा लागू द्या. रेडिओ लहरींच्या रिंगला साधारण १५ मिनिटांचं सत्र असतं, दिवसातून किती वेळा ते तिच्या पुस्तिकेनुसार. जास्त वेळ म्हणजे जास्त गुण, असं इथे नाही.

वेदनाशामक बंद करायचं नाही. डॉक्टरनं मेलोक्सिकॅम दिलं असेल तर ते मात्रेप्रमाणे, पोटभर खाल्ल्यावर चालू ठेवा. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला चुकूनही नको. मेलोक्सिकॅम आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) एकत्र गेलं की पोटात व्रण होऊ शकतो, शेण डांबरासारखं काळं येतं. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून औषधं आणली असतील तर दोन्ही चिठ्ठ्या एकाला दाखवा. केमोच्या (व्हिनक्रिस्टीनसारख्या कॅन्सरच्या औषधाच्या) दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मशीनला सुट्टी द्या. उलटी झाली तर ती कशामुळे हे तरी कळेल.

ऑपरेशनच्या चिऱ्यावर लावायचं असेल तर दोन गोष्टी हातात हव्यात: सर्जनची परवानगी, आणि गाठ कडेसह पूर्ण निघाली असा प्रयोगशाळेचा अहवाल. कडेला पेशी उरल्या असतील तर तो चिरा म्हणजे गाठच समजा. तोवर हातानं करता येईल तेवढं करा, म्हणजे घरातल्या गुळगुळीत फरशीवर पोतं अंथरा, पायऱ्या बंद करा, खाण्याचं भांडं विटेवर ठेवा. तीन पायांच्या कुत्र्याला या पोत्यानं मशीनपेक्षा जास्त आराम पडतो, आणि पोतं फुकट आहे.

वही

गुण आला की नाही ते डोळ्यांवर सोडू नका. कुत्र्यांच्या लंगडण्यावरच्या चाचण्यांत नुसती खोटी गोळी दिली तरी मालकांना सुधारणा दिसते. आपण इतकं केलं, काहीतरी झालं असेलच, असं मन म्हणतं. म्हणून वहीत रोज पाच रकाने: उठायला किती वेळ लागला, चालणं, खाणं, रात्रीची झोप, दुखऱ्या जागी हात लावल्यावरची प्रतिक्रिया. प्रत्येकाला ० ते ४, शून्य म्हणजे ठीक. बेरीज २० पर्यंत. शिवाय झोपेतला श्वास मिनिटाला किती (३० च्या वर सलग जाऊ लागला तर छातीचा एक्स-रे), आणि दर रविवारी वजन. वजनकाट्यावर आधी एकटे उभं राहा, मग कुत्र्याला उचलून.

गाठ रविवारीच मोजा, लांबी-रुंदी दोऱ्यानं, आणि फोटो काढताना शेजारी दहाचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, पुढे फोटोवरूनही माप निघतं. मास्ट पेशींची गाठ असेल तर दोरा नाही, नुसता फोटो.

आता खरी चाचणी. घरातला एक माणूस मशीन चालवेल, दुसरा वही लिहील. चालवणाऱ्यानं चौदा दिवस मशीन चालू ठेवायचं आणि चौदा दिवस नुसती गादी घालायची, कोणते आधी ते त्यानं ठरवायचं आणि वही लिहिणाऱ्याला सांगायचं नाही. आवाज करणारं मशीन असेल तर बंद दिवसांत मोबाईलवर तसाच आवाज लावा. महिन्याच्या शेवटी दोन्ही पंधरवड्यांच्या बेरजा मांडा. रोजच्या बेरजेत दोन-तीन गुणांचा फरक सातत्यानं दिसला तर मशीन ठेवा. फरक नसेल तर परत करा. म्हणून घेतानाच दीड महिन्याची परतीची अट लिहून घ्यावी.

या महिन्यात गाठ वाढताना दिसली, नवी गाठ आली, लंगडणं अचानक वाढलं किंवा एखाद्या पायाचं हाड हाताला जाड आणि गरम लागलं, तर महिना पूर्ण करायचा नाही. त्याच दिवशी मशीन बंद, वही सोबत घेऊन दवाखान्यात. ढोरांच्या फिरत्या पथकाचा १९६२ नंबर आहे, पण ते ढोरांच्या कामात असतात, कुत्र्यासाठी येतीलच असं नाही. गाडीची सोय आधीच बोलून ठेवा.

आणि वहीत सलग तीन दिवस बेरीज १५ च्या वर असेल, कुत्रं भाकर हुंगून तोंड फिरवत असेल, आपल्याच मुतात पडून राहत असेल, तर डॉक्टरला वेगळाच प्रश्न विचारायची वेळ आली. शांतपणे झोपवण्याचं इंजेक्शन तालुक्यात कुणाकडे आहे, घरी येतील का, खड्डा कुठे खणायचा. खड्डा चार फूट तरी खोल हवा, वर काटेरी फांद्या आणि दगड, नाहीतर रात्री कोल्हे उकरतात.